जुना जुळणीचा संगणक सुरू होत नाही तेव्हा

सुशिक्षित घरांतून आज लॅपटॉप व मोबाइल यांचा सुकाळ झाला आहे. तरीही कित्येक घरांतल्या टेबलाखाली एक काळी लोखंडी पेटी अद्याप उभी असलेली दिसते. ही पेटी कोण्या एका कारखान्यातून सिद्ध होऊन आलेली नसते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा गावातल्याच एखाद्या दुकानातून मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क हे भाग निरनिराळे आणून कोणी जाणकाराने ती जुळविलेली असते. बाजारात तिला असेंबल्ड पीसी म्हणतात. तिच्यावर पुष्कळदा विंडोज ७ ही प्रणाली नांदत असते. ही प्रणाली ऑक्टोबर २००९ मध्ये बाहेर पडली, आणि १४ जानेवारी २०२० रोजी मायक्रोसॉफ्टने तिचा सांभाळ थांबविला. मोठ्या संस्थांस पैसे भरून मिळणारी मुदतवाढही जानेवारी २०२३ मध्ये संपली. सारांश, पेटीला एक असा कर्ता नाही आणि प्रणालीला कोणी वाली उरला नाही.

मग असले यंत्र लोक ठेवतात कशाला? मराठी घरांत ह्याचे एक सबळ कारण आहे. युनिकोड सर्वत्र रूढ होण्यापूर्वी ज्या फॉण्टांत मराठी मजकूर टंकलिखित होत असे, त्यांपैकी पुष्कळांची युक्ती अशी होती, की पडद्यावर देवनागरी अक्षर दिसावे, परंतु आत साठविला जावा तो रोमन लिपीतील एखाद्या चिन्हाचा क्रमांक. तो फॉण्ट यंत्रावर नसला, म्हणजे आजीच्या आठवणींचे हस्तलिखित निरर्थक रोमन चिन्हांची रास होऊन बसते. म्हणून ते लेखन, गृहनिर्माण संस्थेचे जुने हिशेब, वंशावळ, पत्रे ही सारी त्या एका पेटीत राहिली आहेत. एके दिवशी बटण दाबूनही ती सुरू झाली नाही, तर बहुधा लगेच सल्ला मिळतो, "फॉरमॅट करून टाका." फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणे. पुष्कळांची कागदपत्रे डेस्कटॉपवर किंवा माय डॉक्युमेंट्समध्ये, म्हणजेच प्रणाली असलेल्या सी ड्राइव्हवरच असतात. त्यामुळे पाटीबरोबर आजीच्या आठवणीही पुसल्या जातात. आणि दोष पाहू जावे, तर तो कधी कधी एका नाण्याएवढ्या सेलचा असतो!

संगणक सुरू होण्यास बूट होणे म्हणतात. स्वतःच्या बुटाचे बंद ओढून स्वतःलाच वर उचलण्याची एक अशक्य कल्पना इंग्रजीत आहे, तीवरून हा शब्द आला. अडचण खरोखरच तशी आहे. डिस्कवरील प्रणाली वाचावयास प्रणालीच हवी, आणि ती तर डिस्कवर! ह्यावर तोडगा म्हणून काम पायरीपायरीने चालते. बटण दाबताच पॉवर सप्लाय विजेचे दाब स्थिर करून मदरबोर्डास तशी खूण देतो. मग मदरबोर्डावरील एका चिपेत कायमची लिहिलेली बायोस ही छोटी आज्ञावली जागी होते. ती रॅम, पडदा, कळफलक यांची झडती घेते व ठरलेल्या क्रमाने डिस्क शोधते. जुन्या पद्धतीच्या डिस्कवरील अगदी पहिल्या ५१२ बाइटांत पुढच्या पायरीचा पत्ता असतो. तेथून बूट मॅनेजर, त्याच्याकडून विंडोजचा गाभा, आणि शेवटी ओळखीचा डेस्कटॉप.

यंत्र बिघडले असे म्हणणे म्हणूनच अपुरे आहे. कोणत्या पायरीवर थांबले, हे विचारावे. त्याचे उत्तर यंत्र बहुधा स्वतःच देते.

पंखाही फिरत नसेल, तर भिंतीतील सॉकेट, मागची वायर, पॉवर सप्लायवरील छोटा स्विच यांपलीकडे प्रथम जाऊ नये. पंखे फिरतात पण पडदा काळाच राहतो, ही मात्र जुळणीच्या यंत्राची खास तक्रार. मुंबई-कोकणच्या दमट हवेत रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात मळतात. वायर काढून ठेवून पट्टी उपसावी, दात साध्या खोडरबराने हलके पुसावे व कट् असा आवाज होईतो पट्टी परत बसवावी. पट्ट्या दोन असल्यास एकेकच लावून पाहावी. पडद्याची केबल ग्राफिक्स कार्डास न लावता मदरबोर्डास लावली गेली आहे काय, तेही पाहावे. झाडलोट करताना असे हटकून घडते. पडद्यावर अक्षरे उमटली, पण सिस्टिम डिस्क घाला अशा अर्थाची ओळ आली, तर आधी खोचलेला पेन ड्राइव्ह काढावा. बायोस बिचारी त्यातच प्रणाली धुंडाळीत बसलेली असते.

आता त्या सेलविषयी. बायोसमधील निवडी व घड्याळ वीज गेल्यावरही जिवंत राहावे म्हणून मदरबोर्डावर तीन व्होल्टांचा एक चपटा सेल असतो. सीआर २०३२ हे त्याचे नाव. त्यांतील २० हा मिलिमीटरांतला व्यास, आणि ३२ म्हणजे ३·२ मिलिमीटर जाडी. भिंतीवरचे बटण चालू असते तोवर यंत्र बंद असूनही थोडी वीज मदरबोर्डास मिळत राहते, आणि म्हाताऱ्या सेलाचे दुबळेपण झाकून जाते. मंडळी महिनाभर गावी गेली व जाताना भिंतीवरचे बटण बंद केले, की सारा भार सेलावर पडतो. परत आल्यावर यंत्र चेकसम एरर असे काही म्हणते, घड्याळ अनेक वर्षे मागे गेलेले असते, आणि घरचे कोणी घाईने एफ १ दाबून पुढे जाते. विंडोजची खूण क्षणभर झळकते, निळा पडदा चमकून नाहीसा होतो आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. हे चक्र थांबत नाही. पाहणारास वाटते, डिस्क गेली.

वस्तुतः डिस्क शाबूत असते. सेल संपल्याने बायोसमधील निवडी मूळपदावर गेलेल्या असतात, आणि त्यांतली एक निवड म्हणजे डिस्कशी बोलण्याची रीत. आयडीई व एएचसीआय अशा दोन रीती तेथे असतात. विंडोज ७ स्थापनेच्या वेळी जी रीत चालू असेल तिचाच ड्रायव्हर आरंभी जागा होईल अशी व्यवस्था करते, दुसऱ्याला निजवून ठेवते. बूट होताना पहिला भाग बायोसच्या हाताने वाचला जातो, म्हणून विंडोजची खूण दिसते. परंतु पुढे गाभा कारभार स्वतःकडे घेतो, आपल्या ड्रायव्हरला हाक मारतो, आणि पलीकडून ओळखीची भाषा ऐकू येत नाही. ज्या डिस्कवरून तो आला तीच त्यास परकी होते! निळ्या पडद्यावरील संकेतांक अशा वेळी ७बी ह्या चिन्हांनी संपतो.

हा पडदा वाचता यावा म्हणून आरंभी एफ ८ ही कळ वारंवार दाबावी व येणाऱ्या यादीतून आपोआप पुन्हा सुरू होणे बंद करणारी ओळ निवडावी. ७बी दिसला आणि घड्याळही मागे गेले असले, तर वायर काढून सेल बदलावा, बायोसमध्ये जाऊन तारीख नीट करावी आणि साटा मोड ह्या नावाची निवड आयडीई असल्यास एएचसीआय, एएचसीआय असल्यास आयडीई करून पाहावी. एका वेळी एकच बदल करावा, आणि प्रत्येक पडद्याचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. ज्यांनी पाच गोष्टी एकदम बदलल्या, त्यांना यंत्र सुरू झाल्यावरही कारण कळत नाही, आणि सुरू न झाल्यास मूळ स्थितीही सापडत नाही. विंडोजच्या डीव्हीडीवरील स्टार्टअप रिपेअर बूट मॅनेजर हरवला असता उत्तम काम करते. बायोसमधील निवड मात्र तिच्या हातची नाही.

डिस्कमधून टिकटिक किंवा खरखर ऐकू येत असेल, तर गोष्ट निराळी. मग दुरुस्तीचा एकही प्रयोग करू नये, डिस्क तपासणारी चेकडिस्कदेखील चालवू नये. मरणोन्मुख डिस्कला प्रत्येक फेरी महाग पडते. पेटी बंद करावी आणि कागदपत्रे अमोल असतील, तर डिस्क तशीच जाणत्याच्या हाती द्यावी.

आवाज नसेल, तर फॉरमॅटचा सल्ला मानण्यापूर्वी एक काम अवश्य करावे. डिस्क काढून यूएसबीच्या साटा डबीत बसवावी व दुसऱ्या संगणकास जोडावी, किंवा लिनक्स मिंटसारखी प्रणाली पेन ड्राइव्हवरून, काहीही स्थापित न करता, चालवावी. दोन्ही रीतींनी विंडोज सुरू न होताच फाइली दिसतात आणि उतरवून घेता येतात. मजकुराबरोबर फॉण्टांचा फोल्डरही उचलावा, नाही तर आठवणी हाती येतील आणि वाचता येणार नाहीत.

मदरबोर्डच जळाला असल्यास नवा आणून जुनी डिस्क त्यास लावण्याचा मोह होतो. विंडोज ७ च्या मूळ प्रतीत यूएसबी ३ चे ड्रायव्हर नाहीत, एनव्हीएमई डिस्कचेही नाहीत. परिणामी नव्या बोर्डावर कळफलक व माउस दोन्ही निर्जीव पडतात, आणि जुना गोल पिनेचा पीएस/२ कळफलक शोधण्याची पाळी येते. तितक्या खटाटोपापेक्षा त्याच जातीचा जुना बोर्ड मिळतो काय, हे पाहणे शहाणपणाचे.

यंत्र पुन्हा सुरू झालेच, तर ते इंटरनेटला जोडू नये. २०२० नंतर सापडलेली छिद्रे बुजविणारे आता कोणी नाही. पेन ड्राइव्ह लावून जुना मजकूर उतरवावा, त्याची एक छापील प्रत काढावी, आणि दुसऱ्या संगणकावर तो युनिकोडमध्ये फिरविण्यास बसावे. फॉण्ट बदलणाऱ्या आज्ञावल्या बरेच काम करतात, पण रफार आणि जोडाक्षरे यांत त्या हमखास अडखळतात. तेवढा भाग छापील प्रत शेजारी ठेवून, ओळ न् ओळ ताडून पाहावा लागतो.