दंतवैद्यक प्रवेश : महाविद्यालयाला काय दिसते, काय दिसत नाही

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त वेळापूर येथे भरलेल्या विद्यार्थी-पालक मेळाव्यातील व्याख्यानाचे शब्दरूप)



अर्धनारीनटेश्वराच्या या गावात आषाढी वारीच्या वाटेवर माउलींची पालखी मुक्कामाला येते. त्या सोहळ्यातील शिस्त वेळापूरकरांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहे. रथाच्या पुढे कोणती दिंडी, मागे कोणती, हे क्रमांकाने ठरलेले असते. कोणाच्या ओळखीने तो क्रम बदलत नाही आणि कोणाच्या रुसव्यानेही बदलत नाही. वैद्यकीय व दंतवैद्यक प्रवेशाची आजची पद्धतही मूलतः अशाच क्रमावर उभी आहे. परंतु ती समजून न घेतल्यामुळे अनेक घरांत जून-जुलै महिन्यांत एक अनाठायी भीती वावरते आणि त्या भीतीपोटी मुलांच्या हातची चांगली जागा निसटते.

ती भीती अशी. बी.डी.एस.साठी पसंतीक्रम भरताना पालक विचारतात, "मुंबईचे महाविद्यालय पहिले लिहिले आणि सोलापूरचे दुसरे, तर सोलापूरवाल्यांना ते कळेल काय ? ही मुलगी आपल्याला दुय्यम मानते, असे समजून ते तिला नाकारतील काय ? इतर राज्यात वा अभिमत विद्यापीठातही अर्ज केला आहे, हे उघड झाले तर नुकसान होईल काय ?" या प्रश्नांचा विचार करण्यापूर्वी ही शंका जन्माला कोठे आली, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

महाराष्ट्रात १९८० च्या दशकात विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालये मोठ्या संख्येने निघाली. त्या काळी खासगी महाविद्यालयांचे दरवाजे वेगवेगळे ठोठवावे लागत. प्रत्येक ठिकाणचा अर्ज निराळा, शुल्क निराळे आणि मुलाखतीची धास्तीही निराळी. जागा देणे न देणे संस्थाचालकांच्या हाती असल्याने "आणखी कोठे अर्ज केला आहे ?" या प्रश्नाला वजन होते. चाचपडत उत्तर देणारा पालक मनात हिशेब करी की खरे सांगावे की खोटे. देणगीच्या प्रथेला आळा घालण्यासाठी राज्याने १९८७ साली कॅपिटेशन शुल्क प्रतिबंधक कायदा केला. पुढे १९९३ साली उन्नीकृष्णन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मोफत व सशुल्क जागांची योजना घालून दिली. २००२ साली टी. एम. ए. पै प्रकरणातील निकालाने ती मोडीत काढली. त्यानंतर महाराष्ट्रातूनच गेलेल्या पी. ए. इनामदार प्रकरणात १२ ऑगस्ट २००५ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने खासगी संस्थांचे स्वातंत्र्य मान्य केले. त्याचबरोबर प्रवेश पारदर्शक व गुणवत्तेवर व्हावेत आणि विद्यार्थ्याला दारोदार हिंडावे लागू नये म्हणून सामायिक परीक्षा व एकखिडकी पद्धत असावी, असेही स्पष्ट केले. राज्याची सीईटी आणि खासगी संस्थांच्या संघटनेची स्वतंत्र सीईटी अशा दोन परीक्षा देणारी पिढी आज स्वतः पालक झाली आहे. जुनी शंका तिच्याबरोबर घरात आली, यात नवल नाही.

परिस्थिती मात्र पालटली आहे. २ मे २०१६ रोजी मॉडर्न डेंटल कॉलेज प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने शासनामार्फत सामायिक परीक्षा व केंद्रीय समुपदेशन घेण्याचा राज्याचा अधिकार उचलून धरला. तो खटला एका दंत महाविद्यालयाच्याच नावाने ओळखला जावा, हा योगायोग लक्षात राहण्याजोगा आहे. २०१५ च्या महाराष्ट्र अधिनियमाखाली प्रवेश नियामक व शुल्क नियामक प्राधिकरणे आणि राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे सीईटी सेल, यांची व्यवस्था उभी राहिली. २०१७ पासून राज्यातील एम.बी.बी.एस. व बी.डी.एस.चे प्रवेश 'नीट' या एकाच परीक्षेच्या गुणांवर होऊ लागले. आता जागावाटपाचे दोन मुख्य मार्ग आहेत. शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के अखिल भारतीय जागा व अभिमत विद्यापीठांतील जागा दिल्लीची वैद्यकीय समुपदेशन समिती भरते. राज्याच्या वाट्याच्या शासकीय जागा व खासगी महाविद्यालयांतील जागा राज्याचा सीईटी कक्ष भरतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या व्यवस्थेत महाविद्यालय विद्यार्थ्याला निवडत नाही. विद्यार्थी पसंतीक्रम देतो, गुणवत्ता यादी क्रम देते आणि संगणक त्या दोहोंची सांगड घालतो. समजा, वेळापूरच्या एका कन्येने पहिला पर्याय मुंबईचे शासकीय दंत महाविद्यालय आणि दुसरा सोलापूरचे महाविद्यालय असा दिला. गुणवत्ता यादीत तिचा क्रमांक आला की तिच्या प्रवर्गानुसार मुंबईत जागा शिल्लक आहे काय, हे प्रथम पाहिले जाते. असेल तर ती तिला मिळते. नसेल तर सोलापूरची पाहिली जाते. सोलापूरची जागा त्या क्षणी शिल्लक असेल की नाही, हे केवळ तिच्याहून वरच्या क्रमांकाच्या विद्यार्थ्यांवर अवलंबून असते. तिच्याहून कमी गुणांच्या एखाद्या मुलाने सोलापूर पहिल्या क्रमांकावर लिहिले, म्हणून त्याला ती जागा तिच्या आधी मिळत नाही. याचा अर्थ मुंबई वर लिहिल्याने सोलापूरच्या संधीला तिळमात्र धक्का लागत नाही. उलट भीतीपोटी सोलापूर वर लिहिले, तर मुंबईची जागा उपलब्ध असतानाही ती कायमची गमावण्याचा धोका मात्र असतो. या पद्धतीत मनातील खरा क्रम कागदावर उतरवणे हेच शहाणपण आहे. येथे सत्य आणि स्वार्थ एकाच वाटेने चालतात, असा प्रसंग व्यवहारात विरळा !

मग महाविद्यालयाला दिसते तरी काय ? जागावाटपाची यादी जाहीर होते, तीत गुणानुक्रम, प्रवर्ग, कोटा आणि मिळालेले महाविद्यालय असते. विद्यार्थी हजर झाला की त्याची मूळ कागदपत्रे महाविद्यालयापुढे येतात. केंद्रीय समुपदेशनाच्या काही फेऱ्यांच्या यादीत मिळालेली जागा कितव्या पर्यायाची, तो क्रमांकही छापलेला असतो. म्हणजे एखाद्याने ती संस्था बाराव्या क्रमांकावर लिहिली होती, हे नंतर कोणालाही कळू शकते. परंतु तोपर्यंत जागा ठरलेली असते. ते पाहून महाविद्यालय ती काढून घेऊ शकत नाही आणि तसा प्रयत्न झाल्यास विद्यार्थ्याला प्रवेश प्राधिकरणाकडे दाद मागता येते.

ही केवळ आपल्याकडची रीत नव्हे. इंग्लंडमध्ये दंतवैद्यकासाठी 'युकास' या मध्यवर्ती संस्थेमार्फत अर्ज करावा लागतो व एका वर्षी या शाखेचे चारच पर्याय निवडता येतात. तेथे विद्यापीठे मुलाखत घेऊन स्वतः विद्यार्थी निवडतात. त्यामुळे अर्जदाराने आणखी कोणती विद्यापीठे निवडली, हे त्याने मिळालेल्या प्रस्तावांना उत्तर देईपर्यंत कोणत्याही विद्यापीठाला दाखवले जात नाही. निवड करणाऱ्याच्या मनात पूर्वग्रह येऊ नये, हा त्यामागील विवेक. आपल्याकडे निवडीचा अधिकारच संस्थेकडे न ठेवल्याने तेच साधले आहे.

येथवरचा भाग भीती घालवणारा झाला. आता सावध करणारा भाग. महाविद्यालयाला दिसत नसले, तरी व्यवस्थेला पुष्कळ दिसते. विद्यार्थ्याचा 'नीट' अनुक्रमांक सर्वत्र एकच असल्याने कोणी कोठे जागा घेतली, याचा ताळा सहज घेता येतो. राज्ये आणि केंद्रीय समिती प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांची माहिती एकमेकांना देतात आणि पुढील फेऱ्यांसाठी जागा धरून बसलेल्यांची नावे वगळली जातात. म्हणून अर्ज अनेक ठिकाणी करावेत, त्यात कसलाही दोष नाही. मात्र जागा एकाच ठिकाणी धरावी. दोन राज्यांत एकाच वेळी रहिवासी असल्याचा दावा करणे तर सरळसरळ असत्य होय आणि ते उघडकीस आल्यास प्रवेश रद्द होण्यापर्यंत वेळ येते.

केंद्रीय समुपदेशनाचे नियम या बाबतीत बोलके आहेत. पहिल्या फेरीत मिळालेली जागा न घेतल्यास दंड नाही. दुसऱ्या फेरीत मिळालेली जागा सोडल्यास अनामत रक्कम जप्त होते. अखिल भारतीय जागांसाठी ही अनामत खुल्या प्रवर्गास १०,००० रुपये, तर अभिमत विद्यापीठांसाठी २,००,००० रुपये राहिली आहे. शेवटच्या रिक्त जागांच्या फेरीत जागा मिळूनही विद्यार्थी रुजू न झाल्यास त्याला पुढील वर्षाच्या 'नीट'ला मुकावे लागू शकते. या तरतुदी व रकमा वर्षागणिक बदलू शकतात. म्हणून मागील वर्षीच्या ऐकीव माहितीवर विसंबून न राहता त्या-त्या वर्षीची माहितीपुस्तिका घरातील दोघांनी तरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावी.

आणखी एक बारकावा. पुढील फेरीत वरचा पर्याय मिळाला की आधीची जागा आपोआप सुटते व दुसऱ्याला जाते. ती परत मिळत नाही. तेव्हा हाती असलेल्या जागेहून जे महाविद्यालय खरोखर अधिक हवे असेल, तेच तिच्या वर लिहावे. जेथील शुल्क झेपणार नाही, जेथे मुलीला पाठवण्याची घराची तयारी नाही, असे नाव केवळ यादी लांबवण्यासाठी लिहू नये. शासकीय व खासगी महाविद्यालयांच्या शुल्कात मोठी तफावत असते. बी.डी.एस. म्हणजे चार वर्षांचे अध्ययन व एक वर्षाची आंतरवासिता. तो पाच वर्षांचा खर्च वसतिगृह-भोजनासह आधी कागदावर मांडावा, मग पसंतीक्रम भरावा.

समाजाच्या दृष्टीने एक खुलासा आवश्यक आहे. २७ जानेवारी २०१४ रोजी केंद्र शासनाने जैन समाजास राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. परंतु त्यामुळे शासकीय दंत महाविद्यालयात धर्माच्या आधारे आरक्षण मिळत नाही. जेथे संस्थेला जैन अल्पसंख्याक दर्जा आहे, तेथील राखीव कोट्यापुरताच प्रवेशासाठी त्याचा उपयोग. शिष्यवृत्तीच्या योजना हा निराळा विषय. अर्जातील हा रकाना भरताना कागदपत्रे हाताशी असावीत. नंतर दुरुस्तीची संधी मिळेलच, असे गृहीत धरू नये.

याद्या जाहीर होताच मध्यस्थांचे दूरध्वनी सुरू होतात. "तुमचा पसंतीक्रम आम्हाला दिसतो, तो बदलून देतो, अमुक रकमेत जागा पक्की करतो," असे कोणी म्हणाल्यास ते असत्य समजावे. संकेतस्थळाचा परवलीचा शब्द व भ्रमणध्वनीवर येणारा संकेतांक हे घराच्या किल्लीसारखे जपावेत. अर्ज भरून देणाऱ्या केंद्रातही विद्यार्थ्याने स्वतः शेजारी बसावे, क्रम निश्चित केल्यावर त्याची छापील प्रत घ्यावी आणि ती पुन्हा एकवार वाचून पाहावी.

शेवटी, या साऱ्याचा धर्माशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. अणुव्रतांतील सत्य म्हणजे पसंतीक्रम मनात असेल तसाच लिहिणे. अचौर्य म्हणजे ज्या जागेवर आपला हक्क नाही, तिच्यासाठी खोटा दाखला न जोडणे आणि मागच्या दाराने न जाणे. अपरिग्रहाचा अर्थ तर येथे फार स्पष्ट होतो. एका विद्यार्थ्याला बसायला एकच बाक लागतो. दोन ठिकाणी जागा अडवून ठेवली की दुसरी जागा रिकामी पडते आणि एखाद्या शेतमजुराच्या मुलाचे वर्ष जाते. ती हिंसा डोळ्यांना दिसत नाही, एवढेच. जी जागा घ्यायची नाही, ती मुदतीत सोडणे हे त्या अनोळखी मुलाला दिलेले दानच होय.

सोलापूरच्या शेठ हिराचंद नेमचंद यांनी 'जैन बोधक'द्वारे समाजात ज्ञानाची आस जागवली. पंडिता सुमतीबाई शहा यांनी सोलापुरात श्राविकांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचले. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढून बहुजनांच्या मुलांना शाळेची दारे खुली केली. त्या परंपरेचा वारसा सांगणाऱ्या न्यासाने पन्नास वर्षे पूर्ण करताना केवळ शिष्यवृत्ती देऊन थांबू नये. दरवर्षी निकालानंतर माहितीपुस्तिकेचे सामुदायिक वाचन ठेवावे, गतवर्षी प्रवेश घेतलेल्या दोन विद्यार्थ्यांना मार्गदर्शनासाठी बोलवावे आणि गावातील कोणत्याही समाजाच्या मुलाला तेथे मुक्त प्रवेश असावा. खर्च अत्यल्प, पण एखाद्या घराचे भविष्य त्यातून सावरेल.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या इतर अर्जांविषयी कोणाला काय दिसते, याची धास्ती बाळगू नका. जे लिहाल ते सर्वांना दिसले तरी मान खाली घालावी लागणार नाही, असेच लिहा.

जय जिनेंद्र !