यादीत कोण नाही?

(कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



'मी आणि माझे सामाजिक काम' असा विषय मला दिला आहे. मी पूर्णवेळ कार्यकर्ता नाही. शिक्षणाने इंजिनिअर आहे, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो आणि खोपोलीत राहतो. सुट्टीच्या दिवशी आम्ही चार-पाच मित्र खालापूर आणि कर्जत तालुक्यांतल्या आदिवासी वाड्यांवर कागदपत्रांचे काम करतो. रेशनकार्ड, आधार, जातीचा दाखला, बँकेचे खाते. यात भाषणात रंगवून सांगावे असे काही नाही. या कामातून जे समजले तेवढे मांडतो.

मुंबईहून पुण्याला जाताना तुम्ही सगळेच आमच्या तालुक्यातून गेला आहात. खालापूरचा टोलनाका तुम्हाला माहीत आहे. खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ साली सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. आज मोरबे धरणाचे पाणी नवी मुंबईला जाते. कर्जतच्या जमिनींवर शहरातल्या लोकांची फार्महाउस उभी आहेत. वीज, पाणी, जमीन आणि मजूर, सगळे आमच्याकडून शहराकडे जाते. याच भागात चौकजवळ इर्शाळगडाच्या उतारावर ठाकर समाजाची एक वाडी होती. इर्शाळवाडी.

१९ जुलै २०२३ च्या रात्री तिच्यावर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. मोठी यंत्रे वर नेता आली नाहीत. पावसात, चिखलात माणसांनी कुदळ-फावड्याने माती उपसली. २३ जुलैला शोधकार्य थांबवले. २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ माणसे सापडलीच नाहीत. त्या वेळी सरकारकडून सांगण्यात आले की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती.

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. त्याचे कारण माझ्या धंद्यात आहे. आमच्या कामात चुकीची नोंद सापडते. वय दोनशे वर्षे लिहिले, मोबाईल नंबर नऊ आकडी टाकला, तर प्रोग्रॅम लगेच अडवतो. पण जी नोंद केलेलीच नाही तिच्याबद्दल प्रोग्रॅम काहीच बोलत नाही. पडद्यावर सगळे ठीक दिसते. नसलेली नोंद शोधायची तर खुर्चीवरून उठून, चालत वाडीवर जावे लागते. माझ्यापुरती सामाजिक कामाची व्याख्या एवढीच आहे. यादीत कोण नाही, हे जाऊन पाहायचे.

आता कातकऱ्यांचे उदाहरण घ्या. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमातींना केंद्र सरकारने विशेष असुरक्षित आदिवासी गटांत धरले आहे. अशा कुटुंबांना अंत्योदय कार्ड द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००३ सालीच दिला. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य मिळते. म्हणजे हक्क कागदावर पक्का आहे. तो घरापर्यंत का पोचत नाही?

दिवाळीनंतर बरीच कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात. मालकाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. पावसाच्या तोंडावर ती परत येतात. मधल्या सहा-सात महिन्यांत वाडीवर जो सर्वे होतो, जे शिबिर भरते, त्यात ही माणसे नसतात. कागदावर शेरा पडतो, 'घर बंद'. पुढच्या टेबलावर त्याच शेऱ्याचा अर्थ 'कुटुंब नाही' असा होतो.

मग येतो अंगठा. विटा थापणाऱ्या माणसाच्या बोटांच्या रेषा झिजतात. रेशन दुकानातल्या मशीनवर थंब लागत नाही. ई-केवायसी अपुरी राहते. ज्या अंगठ्याने घर चालवले तोच अंगठा माणसाची ओळख पटवत नाही, हे त्या आजीला मी कोणत्या शब्दांत समजावून सांगू? तांत्रिकदृष्ट्या हा मशीनचा दोष आहे, पण नोंद मात्र माणसाच्या नावावर होते. थंब जुळला नाही म्हणून कोणाला धान्य नाकारू नये, असे केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले आहे. हे दुकानात कोणी सांगत नाही. आम्ही ते छापून जवळ ठेवतो आणि दाखवतो. भांडावे लागत नाही. बहुतेक वेळा दुकानदारालाही ते नव्यानेच कळत असते.

जातीच्या दाखल्याचे तसेच. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्याच्या आजोबांनी शाळेचे तोंड पाहिले नाही आणि ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याने १९५० चा कागद आणायचा कुठून? अशा वेळी स्थानिक चौकशी करून अधिकारी दाखला देऊ शकतात. त्यासाठी कोणीतरी अर्ज लिहावा लागतो, चार खेपा घालाव्या लागतात.

मला दोन्हीकडून एकच प्रश्न विचारला जातो. आमच्या मोहल्ल्यात विचारतात, "अरे, आपल्या समाजाचे प्रश्न थोडे आहेत का? तिकडे वाडीवर कशाला जातोस?" वाडीवर पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथेही विचारले, "तुम्ही आमच्यासाठी कशाला येता?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

माझे उत्तर असे. आपल्या घरातले कागद काढून पाहा. आधारवर नावाचे एक स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर दुसरे. अम्मीचे लग्नाआधीचे नाव एका कागदावर, नंतरचे दुसऱ्यावर. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी आसामची अंतिम यादी आली आणि १९ लाखांवर माणसे बाहेर राहिली, तेव्हा आपल्या मोहल्ल्यांतही लोक पत्र्याच्या पेट्या उघडून जुने कागद शोधत बसले होते. त्यात हिंदूही होते, मुसलमानही होते आणि आदिवासीही होते. यादीतून गळलेल्या माणसाची भीती सगळीकडे एकच असते. कातकरी आजीचे नाव चढवण्याची जी रीत मी शिकलो तीच मोहल्ल्यातल्या चाचींना उपयोगी पडते. आपले कोण आणि परके कोण हे आधी ठरवायची मला गरज पडली नाही.

बिहारच्या मतदार यादीचे प्रकरण तर ताजे आहे. १ ऑगस्ट २०२५ च्या मसुदा यादीतून सुमारे ६५ लाख नावे गेली. कोणाचे आणि का वगळले, हे कारणासह जाहीर करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. मला हे तत्त्व फार मोलाचे वाटते. नाव वगळायचे असेल तर त्या माणसाला कारण सांगा आणि त्याला म्हणणे मांडू द्या. मतदार यादीला जे लागू, ते रेशनच्या यादीला, घरकुलाच्या यादीला, दरडीच्या यादीलाही लागू व्हायला हवे. मृत आणि दुबार नावे काढलीच पाहिजेत, त्याला विरोध नाही. पण जिवंत माणूस गुपचूप वगळला जाऊ नये.

काम करताना आम्ही तीन नियम पाळतो. एक, दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच घ्यायची, तारीख आणि शिक्क्यासह. दोन, पैसे घ्यायचे नाहीत आणि धान्य घेणाऱ्या माणसाचा फोटो काढून फिरवायचा नाही. तीन, तहसील कार्यालयात बोलायचे ते ज्याचे काम आहे त्याने. आम्ही शेजारी उभे राहतो. सुरुवातीला वेळ लागतो, पण वर्षभराने तीच बाई दुसऱ्या चौघींना घेऊन आमच्याशिवाय जाते. तेव्हा काम झाले असे समजायचे.

आमच्या भागाला याची परंपरा आहे. माथेरानच्या नाभिक कुटुंबात १९१२ साली जन्मलेले भाई कोतवाल वकील झाले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटलांसह ते हुतात्मा झाले, हे आपण शाळेत शिकतो. पण आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले त्याआधी कोतवालांनी शेतकऱ्यांसाठी धान्याची कोठारे उभारली होती, शाळा चालवल्या होत्या. लोकांनी त्यांना साथ दिली ती या आधीच्या कामामुळे, असे मला वाटते.

शेवटी एकच विनंती. इथून घरी गेल्यावर आपल्या रेशन दुकानाची यादी मागा. ती सार्वजनिक कागद आहे. ती घेऊन एकदा वस्तीत फिरा. यादीतली नावे तपासू नका, घरे मोजा. ज्या घराचे नाव यादीत नाही तिथे थांबा आणि चौकशी करा. पुढच्या ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या बैठकीत ते नाव मोठ्याने वाचा. यासाठी इंजिनिअर असावे लागत नाही.