लाटांचा शोध : मुल्कीचा किनारा

सर्फिंगची फळी घेऊन ज्या लाटेवर स्वार होता येते, ती सर्वत्र सापडत नाही. दूरच्या वादळांनी उठवलेल्या लाटांच्या रांगा उथळ पाण्यात शिरल्या आणि तेथील खोली लाटेच्या उंचीच्या सुमारे सव्वापट उरली, म्हणजे लाटेचा माथा पुढे कलून फुटतो, आणि म्हणूनच लाटेचा शोध हा वस्तुतः समुद्रतळाचा शोध असतो.

कर्नाटकात मुल्कीनजीक शांभवी व नंदिनी या नद्या सागरास मिळतात, तेथे वाळूचे दांडे साचतात. दांड्याच्या एका टोकाशी फुटू लागलेली लाट क्रमाक्रमाने कडेकडेने उलगडत जाते, आणि याच परिसरातील ससिहित्लु येथे 2016 साली सर्फिंगची राष्ट्रीय स्पर्धा भरली. मात्र पावसाळ्यातील पुरांनी हे दांडे सरकतात. सबब जागेची पाहणी दर हंगामात नव्याने करणे प्राप्त होते.

शोधकाने प्रथम देहरादूनच्या नौदल जलसर्वेक्षण कार्यालयाचे सागरी नकाशे पाहावेत, हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेचा लाटांची उंची, दिशा व कालावधी सांगणारा अंदाज ताडावा, आणि मग भरती व ओहोटी अशा दोन्ही वेळी काठावरून निरीक्षण करावे. फुटणाऱ्या लाटांच्या मधोमध गढूळ, शांत भासणारा पट्टा दिसला, तर तो बाहेर ओढणारा प्रवाह समजावा. पाण्यात उतरण्यापूर्वी स्थानिक मच्छीमारांचा सल्ला अवश्य घ्यावा. खडप आणि ओढ यांची त्यांच्याइतकी खडान्खडा माहिती कोणत्याही दप्तरी मिळणार नाही.