दुखण्यालाही सावड हवी



आज आपण कर्करोगाविषयी बोलू. त्यालाच कॅन्सर म्हणतात. औषधपाणी डॉक्टर सांगतील. आपण बोलू घराविषयी. कारण रोग होतो एकाला, पण हलते सारे घर.

आम्ही गावोगाव हिंडतो. एका घरी सासूबाईंना स्तनाचा कर्करोग झाला होता. घरच्यांनी त्यांचे ताट-तांब्या वेगळे केले. अंथरूण पडवीत टाकले. नातवाला जवळ जाऊ देईनात. माणसे वाईट नव्हती, भ्यालेली होती. म्हातारी म्हणाली, "दुखणं सोसतं हो. पण पोर जवळ येत नाही, ते सोसत नाही."

तेव्हा पहिली गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. कर्करोग सांसर्गिक नाही. शिवल्याने, एका ताटात जेवल्याने, शेजारी निजल्याने तो होत नाही. आपले शरीर बारीक बारीक पेशींचे बनलेले असते. त्यांतल्या काही पेशी बेसुमार वाढू लागतात. तोच हा रोग. ही करणी नव्हे की पापाचे फळ नव्हे.

खरे तर गोष्ट उलटी आहे. औषधे चालू असताना रोग्याची ताकद कमी होते. आपला सर्दी-खोकला त्याला बाधतो. म्हणजे जपायचे ते त्याला आपल्यापासून! हात धुवा आणि खुशाल जवळ बसा. औषधाने केस गळाले तर घाबरू नका. उपचार संपल्यावर ते बहुधा पुन्हा येतात. अन्नाची चव गेली तर रागावू नका. थोडे थोडे, पुन्हा पुन्हा द्या.

दुसरी गोष्ट पैशाची. जमीन विकायच्या आधी चौकशी करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे पुष्कळ उपचार मोफत होतात. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' असतो. शिधापत्रिका आणि आधारकार्ड घेऊन त्याला भेटा. मुंबईला परळ येथे टाटा रुग्णालय १९४१ सालापासून आहे. तिथे जाणाऱ्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आधार होतो. रुग्णालयाचा दाखला असला, की रेल्वेभाड्यात रोग्याला आणि सोबत्याला सवलत मिळते.

तिसरी गोष्ट कोणी बोलत नाही. रोग्याची चौकशी सगळे करतात. पण त्याची सेवा करणारीला कोण विचारतो? ती रात्र रात्र जागते. सकाळी चूल पेटवते, गुरांचे बघते, मग दवाखाना गाठते. ती कोसळली, तर घर कोसळले.

पेरणीला आपण सावड करतो ना? आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. तशीच सावड दुखण्याला करावी. शेजारणीने चार भाकऱ्या टाकाव्यात. भावाने दवाखान्याची एक खेप करावी. नणंदेने आठ दिवस येऊन राहावे आणि वहिनीला झोपू द्यावे. रडू आले तर तिला रडू द्यावे.

तुमच्या आळीत असे घर असेल, तर आजच तिथे जा. "कसं आहे?" एवढेच विचारून परतू नका. "उद्या कोणतं काम मी करू?" असे विचारा, आणि ते करा.