कॅन्सरला साखर मागवून कोण देतं?

मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा मेसेज आला. त्याच्या काकूंची केमो चालू आहे आणि फॅमिली ग्रुपवर कुणीतरी फॉरवर्ड टाकला, की कॅन्सर साखरेवर जगतो, साखर तोडा. झालं! घरात भात बंद, केळी बंद, दूध बंद. विचारतोय, यात तथ्य आहे का? मी काही डॉक्टर नाही, कोड लिहिणारा माणूस. पण ह्या विषयावर बरंच वाचलंय, आणि त्या फॉरवर्डमध्ये थोडं खरं आहे म्हणूनच तो पसरतो.

खरं काय ते आधी. 1920 च्या दशकात बर्लिनमध्ये ऑटो वॉरबर्ग यांना दिसलं की ट्यूमरच्या पेशी भरपूर ग्लुकोज ओढतात, आणि ऑक्सिजन असूनही ते पूर्ण न जाळता त्याचं लॅक्टिक ॲसिड करून बाहेर टाकतात. एक ग्लुकोज नीट जाळलं तर ऊर्जेची तीसेक नाणी मिळतात, म्हणजे एटीपी. या मार्गाने फक्त 2! पेट स्कॅन ह्याच हावरेपणावर चालतो. ग्लुकोजसारखा, किंचित किरणोत्सारी पदार्थ शिरेतून देतात. तो जिथे साठतो ती जागा चमकते. (मेंदूपण चमकतो बरं का, त्यालाही ग्लुकोज भरपूर लागतं.)

मग इतकी उधळपट्टी कशाला? वॉरबर्गना वाटलं, पेशीतलं वीजघर, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, बिघडलंय. पण बहुतेक कॅन्सरमध्ये ते चालूच असतं. कसंय, एका पेशीच्या दोन करायच्या तर नुसती वीज पुरत नाही, विटा-सिमेंटही लागतं. नवा डीएनए, नवं आवरण, प्रोटीन्स. ग्लुकोजमधला काही कार्बन तिकडे वळवला जातो.

आणि ही ऑर्डर देतात ऑन्कोजीन्स. मुळात ही आपली साधी, कामाची जनुकं. रास घ्या. बाहेरून 'वाढ' असा निरोप आला की चालू, काम झालं की बंद. म्युटेशन झालं की ते चालूवरच अडकतं. इफ कंडिशन कायमची ट्रू! मग पेशीच्या आवरणात ग्लुकोज आत घेणारी दारं वाढतात. मिक नावाचं दुसरं जनुक लॅक्टिक ॲसिड बनवणारं एन्झाइम वाढवतं, वर ग्लुटामिन हे अमिनो ॲसिडही ओढायला लावतं. म्हणजे नुसती साखर नाही.

आता काकूंचा भात. भात तोडला म्हणून रक्तातलं ग्लुकोज संपत नाही. लिव्हर आपला साठा सोडतं, तो संपला की स्नायूंच्या प्रोटीनमधून नवं बनवतं. ट्यूमरला मिळायचं ते मिळत राहतं, वजन मात्र काकूंचं उतरतं. आणि केमोत वजन उतरणं परवडत नाही. डायबेटिस असेल तर हिशोब वेगळा, पण तोही डॉक्टर आणि डाएटिशियनने मांडायचा, ग्रुपवरच्या मामांनी नाही.

संशोधक त्या अडकलेल्या स्विचच्याच मागे आहेत. रासवर औषध होऊच शकत नाही, असं कित्येक वर्षं मानलं जायचं. 2021 मध्ये अमेरिकेत सोटोरासिबला मंजुरी मिळाली, के-रास जनुकात जी12सी हा एक नेमका बदल असलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी. पॅनक्रियाजच्या कॅन्सरमध्ये सुमारे 90 टक्के रुग्णांत के-रास बिघडलेलं असतं, पण हा विशिष्ट बदल तिथे क्वचितच सापडतो. शिवाय औषध चालू असताना ट्यूमर दुसरी वाट काढतो. ती कशी, ते पुढच्या भागात.