ओळख आणि जामीन

(पुण्यातील वसंत ऋतूतल्या एका व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मे महिन्याच्या उकाड्यात घरचा पंखा सोडून व्याख्यानाला यायचे, ही पुणेकरांची खोड जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासूनची म्हणा ना. म्हणून आजच्या विषयाची सुरुवातही रानड्यांच्याच घरातून करतो. विषय आहे, विद्यार्थ्याला शिक्षक आणि शिक्षकाला विद्यार्थी गाठून देणारा मोबाइलवरचा बाजार.

रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात स्वतःच्या शिक्षणाची हकिगत सांगितली आहे. १८७३ साली त्या लग्न होऊन आल्या. पहिले धडे नवऱ्याने दिले. मग ट्रेनिंग कॉलेजातल्या बाई आणि पुढे इंग्रजीसाठी मडम घरी येऊ लागली. घरातल्या बायकांना हे अजिबात रुचले नाही, आणि त्याचा जाच रमाबाईंनी सोसला. मला यात एक साधी गोष्ट दिसते. बाईमाणसाला शिकवायला घरी येणारी शिक्षिका त्या काळात पुण्यात मिळाली, कारण शोधणारा माणूस न्यायाधीश होता. ज्याला ओळख, त्याला शिक्षक. त्याच गावात, त्याच काळात, शिकण्याची तितकीच इच्छा असलेल्या किती मुली ओळखीवाचून राहिल्या, त्याची नोंद कुणी ठेवली नाही.

खासगी शिकवणी हा पुण्याचा जुनाच धंदा. १८९० साली टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली आणि चरितार्थासाठी वकिलीच्या परीक्षांचा वर्ग काढला. पुढच्याच वर्षी फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला धोंडो केशव कर्वे आले. त्यांनीही मुंबईत शिकवण्या करूनच दिवस काढले होते. तेव्हा 'आमच्या वेळी असले काही नव्हते' हे वाक्य आज रात्री घरी जाऊन नातवंडांसमोर म्हणू नका.

टिळकांना विद्यार्थी शोधत हिंडावे लागले नसेल, नावच पुरेसे होते. आमच्यासारख्यांचे तसे नव्हते. मी बीएस्सीला असताना पहिली शिकवणी धरली, ती वाड्यातल्या काकूंमुळे. नारायण पेठेत त्यांच्या मैत्रिणीचा मुलगा आठवीत होता, गणितात नापास झालेला. पहिल्या दिवशी काकू स्वतः माझ्याबरोबर आल्या; मी सायकल हातात धरून, त्या पुढे. दारातच त्या म्हणाल्या, ''हा आमच्या वाड्यातला. काही कमीजास्त झालं, तर मला सांगायचं.'' दोन महिन्यांनी त्यांना ती मैत्रीण मंडईत भेटली. संध्याकाळी मला जिन्यात गाठून काकू म्हणाल्या, ''अरे, तू फार घाईनं सांगतोस म्हणे. पोराला विचारायची भीती वाटते.'' मी सुधारलो. तो मुलगा पास झाला.

काकूंनी त्या दिवशी दोन कामे केली. ओळख करून दिली, आणि जामीन राहिल्या. आजचे माझे सगळे म्हणणे या दोन शब्दांत आहे. नव्या बाजाराने पहिले काम घेतले आहे आणि फार मोठ्या प्रमाणावर केले आहे. दुसरे काम मात्र कुणीच अंगावर घेतलेले नाही.

पहिल्या कामाचे श्रेय आधी देतो. काकूंची ओळख ही वाड्यापुरती, पेठेपुरती, आणि खरे बोलायचे तर जातीपुरती होती. लातूरहून किंवा नंदुरबारहून आलेल्या मुलाला या गावात काकू नव्हत्या. बेंगळुरूची अर्बनप्रो असो की फ्रान्समध्ये २०१३ साली निघालेली सुपरप्रोफ, तिथे ओळख कुणाची आणि वाडा कुठला, हे विचारले जात नाही. धनकवडीत खोली घेऊन राहणारी मुलगी जर्मनचे उत्तम वर्ग घेत असेल, तर औंधातल्या पालकाला ती दोन मिनिटांत सापडते. हे पूर्वी होत नव्हते.

जवळचे उदाहरण सांगतो. आमच्या ओळखीच्या एक गायिका सहकारनगरात राहतात. पहाटे साडेपाचला त्यांचा पहिला वर्ग असतो, न्यू जर्सीतल्या मराठी मुलीचा. तिच्याकडे आदल्या दिवशीचे रात्रीचे आठ वाजलेले असतात. नोव्हेंबरात अमेरिकेतले घड्याळ तासाने मागे गेले की सहकारनगरातला गजर तासाने पुढे सरकतो. बाईंना हिवाळ्यात तासभर जास्त झोपता येते, ते तिकडच्या सरकारच्या कृपेने. गंमत पुढेच आहे. आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो, म्हणून गुरू-शिष्येला एकत्र गाता येत नाही. बाई एक जागा गाऊन थांबतात, मग मुलगी गाते. तानपुरा आणि ठेका मुलीच्या बाजूला लावावा लागतो. इकडून ठेका धरला तर मुलीची सम इकडे भलतीकडेच पडते. ''गळ्याबरोबर गळा लावून शिकवणं बंद झालं,'' बाई म्हणाल्या, ''पण पोरीचा कान तयार झाला. तिला माझ्या आवाजामागे लपता येत नाही.''

मी विचारले, विद्यार्थी मिळतात कुठून? पहिली मुलगी संकेतस्थळावरून आली. बाकीच्या साऱ्या त्या मुलीच्या आईने आणल्या. म्हणजे बाजाराने एकदा दार उघडून दिले, पुढचे काम पुन्हा काकूंनीच केले. फक्त या काकू न्यू जर्सीत होत्या.

इथेच या धंद्याची मेख आहे. रिक्षाचे अ‍ॅप घ्या. आज आलेला रिक्षावाला उद्या येत नाही, म्हणून प्रत्येक फेरीला आपण पुन्हा अ‍ॅप उघडतो आणि त्याचे दुकान चालू राहते. शिकवणीचे उलटे आहे. चांगले सर मिळाले की पालक त्यांना दहावीपर्यंत सोडत नाही, आणि धाकटीलाही त्यांच्याकडेच घालतो. दुसऱ्या-तिसऱ्या तासाला दोघे एकमेकांचे नंबर घेतात. मधल्याची गरज संपते. जुळवणूक जितकी चांगली, तितके या दुकानाचे गिऱ्हाईक लवकर जाते.

म्हणून दुकानदार पैसे घेतो ते बहुधा ओळखीच्याच क्षणी. कुठे शिक्षकाकडून, पालकाचा नंबर उघडण्याचे. कुठे विद्यार्थ्याकडून, शिक्षकाशी बोलण्याच्या मासिक पासाचे. कुठे मात्र दर तासाच्या फीमधून कापून, आणि मग नंबर देण्याघेण्यावर बंदी. पद्धत कोणतीही असो, त्याची कमाई मधे उभे राहण्यावर आहे, मुलाच्या शिकण्यावर नाही. हा कुणाच्या नीतिमत्तेवर आरोप नाही, धंद्याचा हिशेब आहे.

हा हिशेब शिक्षकाच्या बाजूने कसा दिसतो, ते मी स्वतः पाहिले आहे. निवृत्तीनंतर हौसेने अशा एका ठिकाणी नाव नोंदवले. नाव सांगत नाही. एके दुपारी फोनवर निरोप आला : आठवी, सीबीएसई, गणित, कोथरूड, घरी येऊन. पैसे भरून नंबर उघडला. फोन लावला तर आई वैतागलेली. ''तुम्ही सातवे सर. दहा मिनिटांत सात फोन आले. कुकर लावलाय हो मी!'' तिचेही बरोबर होते. आम्हा सातही जणांचे पैसे गेले, शिकवणी फार तर एकालाच मिळणार होती. पुढे एका मुलाला शिकवले आणि मला तीन तारे मिळाले. पाचांपैकी तीन का? घाई झाली? अक्षर वाईट? आवाज मोठा? सांगायला जिन्यात कुणी नव्हते. काकूंचे एक वाक्य मला सुधारून गेले; त्या तीन ताऱ्यांनी मला फक्त यादीच्या तिसऱ्या पानावर नेले.

तारे विकतही मिळतात, हे आता सरकारलाही ठाऊक आहे. ऑनलाइन अभिप्राय कसे गोळा करावेत आणि छापावेत, याचे आयएस १९००० हे मानक भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली काढले, पण ते ऐच्छिक. ई-कॉमर्सचे नियम २०२० पासून आहेत. तक्रार-निवारण अधिकारी नेमा, ४८ तासांत तक्रारीची पोच द्या, महिन्याच्या आत ती निकालात काढा, असे ते सांगतात. कोचिंग सेंटरांसाठी केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, पण त्या पन्नासपेक्षा जास्त मुलांच्या वर्गांना. बंद खोलीत एका मुलासमोर बसणारा एकटा शिक्षक त्या चाळणीतून खाली पडतो. त्याची पदवी खरी आहे का, पूर्वी काही घडले आहे का, हे पाहायचे कुणी? बाजार म्हणतो, आम्ही फक्त गाठ घालून देतो. लग्न जुळवणारे मध्यस्थही असेच म्हणत. पण पुढे बिनसले तर त्यांना त्याच गल्लीतून जावे लागे.

मग हा सगळा प्रकार बंद करावा का? तोही प्रयोग झाला आहे. दक्षिण कोरियाने १९८० साली खासगी शिकवण्यांवरच बंदी घातली. शिकवण्या चोरून चालू राहिल्या, आणि २००० साली तिथल्या घटना न्यायालयाने बंदी रद्द केली. चीनने २०२१ साली शालेय विषयांच्या नफ्यासाठी चालणाऱ्या शिकवण्या बंद केल्या. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याचे २८ वे कलम शाळेतल्या शिक्षकाला खासगी शिकवणी मना करते. तरी २०२५ च्या केंद्र सरकारच्या पाहणीत देशातली २७ टक्के शाळकरी मुले शिकवणीला जाताना आढळली, शहरांत ३०.७ टक्के. ही गरज हुकमाने जाणारी नाही. ती शाळेतल्या वर्गात विचारायची राहून गेलेली शंका आहे, आणि ती संध्याकाळी कुणाच्या तरी दारात जाणारच.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच. ओळख विकणाऱ्याने जामीनही राहिले पाहिजे. शिक्षकाची पदवी आणि पोलीस पडताळणी कागद पाहून झाली आहे की नुसती त्याने स्वतः लिहिली आहे, हे त्याच्या नावाशेजारी स्पष्ट छापा. एका पालकाचा नंबर सात जणांना विकू नका. विकलात, तर सहांचे पैसे परत करा. तारे देणाऱ्याला एक वाक्य लिहायला लावा, आणि शिक्षकाला उत्तर द्यायला जागा ठेवा. नियम करणाऱ्यांना मी म्हणेन, पन्नास मुलांच्या वर्गाइतकीच एका मुलाच्या खोलीचीही काळजी करा.

आणि हे सगळे होईपर्यंत, श्रोतेहो, थोडे काम आपल्याकडे आहे. फोनवर शिक्षक खुशाल शोधा. पण पहिल्या तासाला घरात थांबा, दार उघडे ठेवा. सरांच्या आधीच्या एका तरी विद्यार्थ्याच्या घरी फोन करा. महिनाभराने मुलाला गुण विचारू नका, ''सरांना शंका विचारायची भीती वाटते का?'' एवढेच विचारा. आणि तुमच्या सोसायटीत परगावाहून आलेली एखादी मुलगी शिकवण्या शोधत असेल, तर पहिल्या दिवशी तिच्याबरोबर त्या दारापर्यंत जा आणि म्हणा, ''ही आमच्याकडची. काही कमीजास्त झालं, तर मला सांगायचं.''