आमची पाळी कधी?

(पेण येथील महिला मेळाव्यातील भाषण)

मैत्रिणींनो, आणि रोह्याहून घरची कामं टाकून आलेल्या मावश्यांनो,

आजचा विषय बायकांचं आरोग्य. आकडे सांगत नाही, एका सहलीची गोष्ट सांगते. माझ्याच घरची आहे, त्यामुळे जरा लाजही वाटते.

सासूबाईंचं माहेर इथलंच, पेणच्या खारेपाटातलं. चिखलात वाकून लावणी करताना गुडघे गेले. कुणीतरी म्हणालं, गरम पाण्याच्या झऱ्यावर न्या. म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही चौदा माणसं रोह्याहून टेंपोने दासगावला गेलो आणि तिथून होडीने सावित्रीच्या खाडीतून सवच्या झऱ्यांवर.

होडीत सासऱ्यांनी मुलांना गोष्ट सांगितली. २४ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेब 'पद्मावती' बोटीने मुंबईहून निघाले आणि दुसऱ्या दिवशी याच दासगाव बंदरात उतरले. धरमतरचा रस्ता जवळचा, पण मोटारवाल्यांनी बहिष्कार घातला तर माणसांनी चालायचं किती? दासगावहून महाड अवघं पाच मैल. चवदार तळ्याचं पाणी त्याच वर्षी मार्चमध्ये ओंजळीत घेतलं होतं. "पाणी सगळ्यांचं असतं," सासरे म्हणाले. मुलं कान देऊन ऐकत होती. मलाही भरून आलं.

सवला उतरल्याबरोबर पुरुष आणि पोरं पाण्यात. आम्ही पाचजणी स्टोव्हपाशी. भात, सुकट, पोरांना भूक लागली म्हणून आधी चहा. तासाभराने सासूबाईंनी विचारलं, "आमची पाळी कधी येनार?" धाकटी जाऊ हळूच म्हणाली, "माझी आलीय, म्हनूनच बसलेय." आम्ही हसलो. पण आत्तेसासूबाईंनी ऐकलं. "कुंडाला हात लावू नको गं, पानी विटाळेल." तिकडे सासरे टॉवेलने डोकं पुसत होते. त्यांना ऐकू गेलं. बोलले काहीच नाहीत.

आणि मी? एम.एस.डब्ल्यू. झालेली, वस्त्यांमधून पाळीवर शिबिरं घेणारी. मीही गप्प बसले. सणासारखा दिवस, कशाला वाद, असं वाटलं. जाऊ भांडी घासत राहिली.

झऱ्याचं पाणी तापतं कसं? ते जमिनीच्या भेगांतून खोल जातं, तिथल्या उष्णतेने गरम होतं आणि पुन्हा वर येतं. वर कोण उतरलंय, तिला कितवा दिवस आहे, हे त्या पाण्याला ठाऊक नसतं. हे मी शिबिरात फळ्यावर चित्र काढून सांगते. त्या दिवशी खडू नव्हता म्हणायचं!

जेवणं उरकून सासूबाई पदर खोचून उठल्या, तेवढ्यात होडीवाल्याची हाक आली. ओहोटी लागली, होडी गाळात बसेल. पुरुषांची आंघोळ, मग मुलांची, मग जेवण. भरतीचं पाणी एवढ्यातच संपलं होतं. सासूबाईंनी पावलं तेवढी बुडवली. ज्या गुडघ्यांसाठी गेलो ते कोरडेच परत आले.

घरी आल्यावर त्यांनी बादलीत पाणी तापवलं. मी शेजारी बसले, जाऊही आली. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "ताई, तुम्ही बोलाल असं वाटलं होतं." यावर उत्तर नव्हतं माझ्याकडे.

पुढच्या महिन्यात आम्ही तिघी पालीजवळ उन्हेऱ्याला जातोय. होडी नको, भरतीची वाट पाहणं नको. जावेने तारीख मुद्दाम मोजलेली नाही. सासूबाईंची अट एकच: डबा कुणी करायचा नाही, वडापाव खायचा. ज्यांना यायचंय त्यांनी चहाच्या वेळी नाव सांगा.